शुद्ध मराठीतला जबाब

६ जानेवारी २०२५, सोमवार. वणी

हौस म्हणून लिहीत नाही. कुमुदताईने काल सांगलीहून फोनवर बजावलं — "तुझं वणीपुराण रोज ऐकायला मला वेळ नाही. वहीत लिही आणि झोप." सख्खी बहीण! ठीक. वही आणली.

इथे येऊन पंधरवडा झाला. दवाखाना तीस खाटांचा, मी कार्यालय अधीक्षक. साठाव्या वर्षी नवी नोकरी धरली, कारण निवृत्त होऊन ताईच्या घरी शेंगा सोलत बसणं जमेना. दवाखाना डॉ. रंजिताचा. आमच्या सांगलीच्या शेजारणीची मुलगी, लग्न होऊन इकडे आली. "काकू, इथे कागदांना शिस्त लावणारं कोणी नाही." खरं आहे. कागदांनाच काय, कशालाच शिस्त नाही.

घर म्हणजे अब्दुल गनींच्या माडीवरच्या दोन खोल्या. सकाळी पांढरी चादर वाळत घातली, दुपारी काढली ती राखाडी. कोळशाचे ट्रक दिवसभर चालूच. तक्रार केली तर गनी म्हणतात, "मॅडम, हे तं काहीच नाही. उन्हाळ्यात पाहा!" जणू जत्रा दाखवणार आहेत.

८ जानेवारी, बुधवार

घरमालकीण गौहरभाभी जिन्यातून ओरडल्या, सांबारवडी पाठवते. मी भात लावून बसले. आल्या कोथिंबिरीच्या वड्या! इथे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मग सांबाराला काय म्हणतात? विचारलं नाही. जाळ तिखट. चार खाल्ल्या.

१० जानेवारी, शुक्रवार

इथली मराठी म्हणजे नुसती मोडतोड. "पेशंट येऊन राह्यले." "काहून?" "मले काय माहीत!" आणि हे बोलण्यापुरतं नाही — वॉर्डच्या नोंदवहीत नर्सने लिहिलंय, 'सलाईन लावून देल्ली'. बसून सगळी वही लाल शाईने दुरुस्त केली. बी.ए.ला मराठीच होतं माझं. पहिला वर्ग, १९८५.

वॉर्डातली आया रुपीबाई लादी पुसता पुसता म्हणाली, "मॅडम बोलते तं रेडिओवर बातम्या लागल्यावानी वाटते." सगळ्या हसल्या. मी नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ कडक. लोक गोड बोलले, काम कोणी केलं नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

चोरी! झरी जामणीकडची एक म्हातारी पंधरा दिवस वॉर्डात होती, सोमवारी घरी गेली. आज तिचा मुलगा घनश्याम तणतणत आला. आईच्या हातातलं चांदीचं कडं गेलं म्हणे. शोधलं, तर कडं रुपीबाईच्या पिशवीत.

जबाब मीच घेतला.

"कडं तुझ्याकडे कसं?"

"मले भेटलं."

"कुठे?"

"वार्डात."

"मग?"

"मंग काय, ठेवलं."

दहा मिनिटांत उरकलं. तिच्या बोलीत लिहिण्यासारखं काही नव्हतंच. शुद्ध करून लिहिलं — 'सदर कडे मला वॉर्डात सापडले व ते मी स्वतःजवळ ठेवून घेतले.' वाचून दाखवलं. मान हलवून अंगठा दिला. कडं घनश्यामला दिलं, रुपीबाईला कामावरून काढलं. जाताना म्हणाली, "बरोबर लिवलं ना मॅडम?"

मी नेहमीच बरोबर लिहिते. तसं सांगितलं.

१७ जानेवारी, शुक्रवार

घनश्याम सोमवारी कार्यालयातून तो जबाब घेऊन पोलीस ठाण्यात जाणार आहे. जाऊ दे. चोराची गय का करायची?

१८ जानेवारी, शनिवार

संध्याकाळी गनी पेढे घेऊन वर आले. "मॅडम, तोंड गोड करा! आमच्या गझालाले नोकरी भेटली." गझाला त्यांची नात.

सवयीने म्हटलं, "भेटली नाही, मिळाली म्हणावं. भेटतात ती माणसं."

"तेच ते. कंपनीनं बलावून देल्ली. नोकरी काय रस्त्यावर पडून राह्यते, मॅडम?"

हसत खाली गेले. पेढा माझ्या हातातच राहिला.

त्यांचं 'भेटली' ते मी 'मिळाली' केलं. रुपीबाईचं 'भेटलं' ते 'सापडलं'. का? 'कुठे' विचारलं, 'कोणाकडून' विचारलंच नाही. आयाच्या पिशवीत चांदी, म्हणजे उचललेलीच — हे मी विचारण्याआधीच ठरवलं होतं. पहिला वर्ग म्हणे! मूर्ख बाई.

१९ जानेवारी, रविवार

सकाळीच रुपीबाईच्या घरी गेले. दारातूनच म्हणाली, "आता कायले आल्या?"

"कडं तुला दिलं कोणी?"

"बुढीनं. सांगतलं नव्हतं का, भेटलं म्हणून?"

"मग बुढीने दिलं असं म्हणायचं होतंस!"

"तुमी पुसलं कुठं? कुठं भेटलं इतकंच पुसलं. वार्डातच तं भेटलं."

"मी वाचून दाखवलं तेव्हा मान हलवलीस."

"समजलं काहीच नाही. म्हटलं, इतक्या शिकलेल्या बाईनं लिवलं, बरोबरच असन."

आत बोलावलं नाही. मीही बोलावलं नसतं.

तिथूनच झरी जामणीची बस धरली. म्हातारी अंगणात उन्हाला बसलेली. आवाज मात्र खणखणीत. "म्याच देल्लं! पंधरा रोज तिनं माह्यं आंग पुसलं, केस इचरले. हा पोरगा आला का एक दिवस? आला तं कडं मोजाले!"

घनश्याम मागेच उभा होता. खाली पाहत म्हणाला, "बुढीचं डोकं ठिकाणावर नाही मॅडम. आन् कागदावर तं रुपीबाईनं सोताच कबूल केलं." कडं सोडायचं नाही आहे त्याला. कागद आहे तोवर सोडणारही नाही. आणि तो कागद मी लिहिलेला!

परत येऊन रंजिताला सगळं सांगितलं. जबाब बदलू या म्हटलं. तिने ऐकून घेतलं आणि घड्याळ पाहिलं. "काकू, त्या कागदाला हात लावू नका. उद्या घनश्यामना द्यायचं कबूल केलंय. उगाच दवाखान्याचं नाव नको यायला. आया काय, एक गेली की दुसरी भेटते."

सांगलीची मुलगी. 'मिळते' म्हणायचं होतं तिला. दुरुस्त केलं नाही.

२० जानेवारी, सोमवार. सकाळी ९.१०

सुपूर्द केलं ते असं —

डॉ. रंजिता यांना : कार्यालयाच्या चाव्या, तीन. माझ्या सहीचा खुलासा, एक पान : 'सापडले' हा शब्द माझा, रुपीबाईचा नव्हे. सोबत म्हातारीचं म्हणणं, तिच्याच बोलीत, काना-मात्रा न बदलता.

रुपीबाईला, तिच्या दारात : जबाबाची मूळ प्रत. नक्कल ठेवलेली नाही.