गोलच्या मागची जागा

मी जोतीराम सखाराम इंगवले, वय ७७, पूर्वी फौंड्रीत मोल्डर, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ताळ्यावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे गेलेत, पण कायद्यात गुडघ्यांची अट नाही असं वकील म्हणाले. मला कोणी दारू पाजलेली नाही की दम दिलेला नाही.

कलम १. मी लग्न केलं नाही. माझ्या कमाईच्या दोन खोल्या आणि बँकेत असेल ते सगळं माझ्या भावाची मुलगी अनुजा हिला द्यावं. ती मनाच्या आजारांवर उपचार करते. तिच्या लहानपणी मी तिला फुटबॉल शिकवला, म्हातारपणी तिने मला माणसं शिकवली.

कलम २. पुढच्या खोलीत मायेन राहतो. तो कोल्हापुरात असेपर्यंत तिथंच राहील. मायेन दक्षिण सुदानचा. लढाईत घर गेलं, केनियात निर्वासितांच्या छावणीत वाढला, शिष्यवृत्ती मिळवून इथं कॉलेजात आला आणि आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर झाला. वय वीस. त्याची कॉट अशी लावली आहे की पडल्या पडल्या दार दिसतं. ती कोणी हलवायची नाही. उशीखाली भाकरी सापडली तर बोलायचं नाही. हाक मारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लावायचा नाही.

कलम ३. तालमीचे अध्यक्ष विजयसिंह यांना मी काहीही देत नाही. कारण लिहून ठेवतो. पहिल्या वर्षी मायेन साधे साधे गोल खायचा. चेंडू समोर असताना हा वळून मागं बघायचा. पोट दुखतं म्हणायचा, तपासणीत काही निघायचं नाही. बोलता बोलता डोळे उघडे ठेवून कुठंतरी निघून जायचा. विजयसिंह बैठकीत म्हणाले, "आळशी हाय ते. सोडून द्या की त्याला." मी अनुजाला विचारलं. ती म्हणाली, "काका, तो आळशी न्हाय. लहानपणापासनं पहाऱ्यावर हाय. लढाई संपली हे डोक्याला कळलंय, अंगाला अजून कळलेलं न्हाय. काय झालं ते खोदून विचारू नगा. काय पायजे तेवढं विचारा."

मी विचारलं. तो आमच्या पोरांकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला, "मागं कोण हाय, दिसत न्हाय. तवा मागनंच आलते."

मी पुढं काही विचारलं नाही. पुढच्या सामन्यापासून मी गोलच्या मागं उभा राहिलो, मैदानाकडं पाठ आणि प्रेक्षकांकडं तोंड करून. त्याला सांगितलं, मागचं मी बघतो, तू पुढचं बघ. त्या दिवशी त्याने एकही गोल खाल्ला नाही. मी काही बघितलं नाही, नुसता गलका ऐकला.

कलम ४. गोलच्या मागची ही जागा मी बाळासो राऊत याला देत आहे. बाळासो पलीकडच्या पेठेचा. १९७६ च्या फायनलला मी आमचा गोलकीपर होतो, त्याचा फटका मी रेषेवर धरला आणि तो म्हणतो चेंडू आत होता. तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. नेमका तोच प्रेक्षकांत, कुंपणाच्या जाळीपलीकडं माझ्यासमोर उभा असायचा. दोनतीन सामने त्याने माझं तोंड बघितलं आणि मग त्यालाच राहवलं नाही. "डावीकडं उडाला बघ. बोटाच्या टोकानं काढला. व्हय, तुझ्यापरास बरा हाय." माझ्या गोलकीपरचा खेळ मला माझ्या दुश्मनाने दाखवला. हाफटाइमला मायेन दुसऱ्या गोलकडं गेला की मी काठी टेकत निघायचो, आणि शिव्या देत बाळासोही यायचा.

यंदाच्या सेमीफायनलला आमच्याविरुद्ध पेनल्टी मिळाली. मागून मायेनची हाक आली, "आजोबा, वळा. बघा."

मी वळलो. एवढं भरलेलं स्टेडियम पाठीशी घेऊन तो उभा होता आणि त्याचे खांदे सैल होते. चेंडू आत गेला, आम्ही हरलो. पण त्याने मागं बघितलं नाही. एवढी मोठी गोष्ट मी जन्मात बघितलेली नाही. एवढ्या भीतीच्या खालून माणूस स्वतःहून वर येतो, हे बघायला मिळालं म्हणून माझी जाण्याबद्दल तक्रार नाही.

पुढच्या स्पर्धेत तो परत मागं बघायला लागला. अनुजा म्हणते असंच असतं, चार पावलं पुढं, दोन मागं, घाबरायचं नाही. म्हणून ती जागा रिकामी राहता कामा नये. माझ्या काळजीची गोष्ट एवढीच आहे.

कलम ५. माझ्या अंत्ययात्रेत हलगी वाजवायची तर आधी मायेनला सांगावं. त्याला खांदा द्यायचा असेल तर तो पुढं आणि त्याच्या लगेच मागं बाळासो.

ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले. पण बाळासोला दिलेल्या जागेची किंमत त्यांना काढता येईना, म्हणून त्याचीही सही चालेल असं ठरलं.

हे वाचून, समजून सही केली.
ठिकाण कोल्हापूर, दि. ६ जून २०२५
(सही) जोतीराम सखाराम इंगवले

साक्षीदार
१. (सही) संयोगिता मंडलिक, शेजारी
२. (सही) बाळासो राऊत. वाचलं. मैदानाकडं पाठ करून उभा राहीन. तो गोल होता.