दोनदा गाभडलेली शेळी

प्रिय धाकटे,

तुझा ताप अजून उतरत नाही, असं काल तुझा नवरा फोनवर म्हणाला. सांधे धरलेत, घामाने चादर भिजते आणि डॉक्टरांनी तिसऱ्यांदा औषध बदललं. "होईल बरं," एवढंच म्हणून मी फोन ठेवला.

तुला दिलेली तांबडी शेळी माझ्याकडे दोनदा गाभडली होती, दिवस भरायच्या आधीच करडं टाकली होती. गुरांचे डॉक्टर बजावून गेले होते, "हा आजार माणसालाही लागतो. हिला कुणाला देऊ नका, कच्चं दूध पिऊ नका." त्याच महिन्यात तुझं शिवणकाम सुटलं. तू म्हणालीस, "ताई, एखादी गाभण शेळी असती तर घर चाललं असतं." तांबडी तेव्हा पुन्हा गाभण होती, तीच मी दिली. मोठं मन म्हणून नाव झालं आणि गोठ्यातली ब्यादही गेली. त्यातलं आधी काय सुचलं, ते मला चांगलं आठवतंय.

तुझ्याकडेही ती गाभडली, तेव्हा मेलेलं करडू तू उघड्या हातांनी ओढून काढलंस. वर रडत मलाच म्हणालीस, "माझाच पायगुण वाईट." तेव्हाही मी नुसती तुझी समजूत काढली.

आता शीण आलाय गं लपवण्याचा. हे पत्र पोचायला चार दिवस लागतील, म्हणून टाकत नाही आणि फोनवर हे सांगवत नाही. सकाळच्या गाडीने मीच येते. तुझ्यासमोर डॉक्टरांना सगळं सांगेन. तू जिथे दूध घालतेस, त्या दोन्ही घरीही जाईन. तुझी गिऱ्हाइकं तुटतील, माझ्या शेळ्याही कुणी घेणार नाही. तू तोंड फिरवलंस तरी चालेल, पण आधी रक्त तपासून घे.

तुझी,
ताई