फाडलेला कोपरा

९ जानेवारी १९५६

कौतिकराव मास्तरांच्या ओट्यावर आजपासून वर्ग. एक फळा, दोन खुर्च्या, दोन विद्यार्थी — मी आणि केळीच्या अडत्याचा रमेश. अमेरिकेतल्या कॉलेजांना अर्जाबरोबर स्वतःबद्दल निबंध लागतो. तो कसा लिहायचा हे मास्तर शिकवणार. मास्तर शाळांचे रिटायर्ड डेप्युटी इन्स्पेक्टर. अमेरिका त्यांनी पाहिली ती आपल्या तिकिटांच्या अल्बममध्ये.

पहिलं वाक्य त्यांनीच दिलं — 'आय मोस्ट हम्बली बेग टु स्टेट.' जन्मभर असलेच अर्ज वाचले, दुसरं काय सुचणार. रमेशने उतरवून घेतलं. मी पेनाचं टोपण काढलं नाही.

फॉर्म ह्यांनी मागवला होता म्हणून जाते. नाहीतर गेले नसते. ऑगस्टमध्ये पेपरातली जाहिरात कापून, मला न विचारता पत्र टाकलं. शिक्षिकांसाठी एक वर्षाची शिष्यवृत्ती. 'भूगोल मी शिकवतो. तू बघून ये.' ऑक्टोबरमध्ये हे गेले. फॉर्म डिसेंबरात आला.

१३ जानेवारी

मास्तरांना नागपूरहून एक माहितीपत्रक आलं. अमेरिकन लोकांना अर्जाची भाषा चालत नाही, स्वतःसारखं, मोकळं लिहावं, असं त्यात आहे. सोमवारचं वाक्य पुसून टाकलं. चेहऱ्यावर काही नाही! फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'बी युवरसेल्फ' लिहिलं आणि म्हणाले, "उतरवा. पाच वेळा."

रमेशने सहा वेळा लिहिलं.

१५ जानेवारी

काल संक्रांत. शेजारच्या मालूबाईने तिळगूळ दिला — मागल्या दाराने, हात लांब करून. घेतला. मुंग्यांना टाकला.

२० जानेवारी

रमेशचा निबंध वाचून झाला. 'मी गरीब शेतकऱ्याचा मुलगा. रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास केला.' ह्याच्या बापाच्या केळीच्या रेल्वेवाघिणी दिल्लीला जातात. घरात रेडिओ आहे, दारात मोटार आहे.

मास्तर म्हणाले, "दिवा चांगला आहे. ठेवा."

मी म्हटलं, "राजपुऱ्यात तुमच्या गल्लीला दिवा कुठे आहे?"

"कमलताई," रमेश म्हणाला, "वो लोग थोडी देखने आनेवाले हैं? आणि आले तर लावून टाकू ना एक."

दोघे हसले. मी हसले नाही म्हणून मास्तरांनी मला समजावलं, की निबंधात थोडा रंग लागतो.

रोज एक पान इंग्रजीत लिहायचा हुकूम आहे. लिहिते. 'मी पाचला उठले. पाणी भरलं. शाळेत गेले.' ते पान मास्तरांना दाखवते. ही वही त्यांच्यासाठी नाही.

२७ जानेवारी

आज मास्तर माझ्याकडे वळले. रमेश जाईपर्यंत थांबले होते, एवढी लाज होती.

"कमलबाई, तुमच्याकडे भांडवल आहे आणि तुम्ही ते वापरत नाही."

"कसलं?"

"तुम्ही विधवा आहात. अमेरिकेत या विषयाला फार मान. केशवपनाचं लिहा."

"आमच्यात केशवपन कधीच नव्हतं. माझे केस आहेत."

"त्यांना कुठे दिसणार?"

"फॉर्मवर फोटो चिकटवायचा आहे."

जरा विचार केला त्यांनी. मग म्हणाले, "डोक्यावरून पदर घ्या."

हा माणूस पोरींच्या शाळा तपासत होता! उठून आले. घरी येईपर्यंत चपलेचा अंगठा तुटला तो तसाच ओढत आले.

३ फेब्रुवारी

चार खर्डे झाले. चारही दाखल्यासारखे. जन्म रावेर, शिक्षण अमुक, नोकरी तमुक. मला लिहिता येत नाही, हे मला माहीत आहे. खोटं मात्र वासावरून कळतं.

शाळेत एकच विषय — भाषेवर नवी राज्यं होणार; नागपूर मराठी राज्यात जाणार, आपण हिंदीकडे राहणार. मराठीच्या वर्गांचं काय होणार, त्यावर बाई लोक डबा उघडून दीड तास बोलल्या. आपलं आपण काय करणार, हे एकीनेही काढलं नाही. मुख्याध्यापिकांनी मला विचारलं, "तुम्ही तर अमेरिकेला. तुम्हाला काय?" जसं काही मी बोटीत बसले आहे.

८ फेब्रुवारी

रात्री कंदिलाजवळ खर्डा वाचत होते. सासूबाई समोर गहू निवडत होत्या. घरात आता आम्ही दोघीच. दिवसाला दहा वाक्यं पुरतात.

"इतकी दूर जाऊन काय शिकशील?" त्या म्हणाल्या. "शाळेत तर शिकवतेच."

मी पान उलटलं.

"त्यात माह्या गिरधरचं लिव्हलं का?"

"एक ओळ."

"मंग ते मयतीचं कागद झालं. कोपरा फाड त्याचा. आन् घरात नको ठेवू."

इकडे मरणाच्या चिठ्ठीचा कोपरा फाडतात, आणि ती वाचून झाली की उंबऱ्याच्या आत ठेवत नाहीत. सासूबाईंना अक्षर येत नाही. कोपरा तेवढा वाचता येतो.

"आत्याबाई, हा अर्ज आहे. फाटका अर्ज कोणी घेत नाही."

"मंग गिरधरले काढ त्याच्यातून."

मास्तर म्हणतात ह्यांना पानभर घाला. ह्यांची आई म्हणते काढून टाक. दोघंही सारखेच! खर्डा शाळेच्या कपाटात ठेवणार आहे.

९ फेब्रुवारी

आज लिहून टाकते. ऑक्टोबरपासून लिहिलेलं नाही.

ह्यांना खंडव्याला दवाखान्यात नेलं तेव्हा शाळेची सहामाही होती. सासूबाईच म्हणाल्या, तू पेपर उरक, जावई गेलाय संगं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले. दारात त्या उभ्या. म्हणाल्या, "हातपाय धू. पहिले जेऊन घे."

जेवले. वरण, भाकरी, कैरीचं लोणचं. लोणचं आणखी मागून घेतलं. वर बोललेसुद्धा, की ह्यांना बरं वाटलं की बरणीतलं थोडं खंडव्याला पाठवू. त्या 'हं' म्हणाल्या. वाढताना हात जरासुद्धा हलला नाही.

ताट घासून ठेवलं. तेव्हा म्हणाल्या, "ओट्यावर दगडाखाली चिठ्ठी हाये. वाच."

कोपरा फाडलेला. चिठ्ठी सकाळच्या गाडीने आली होती. सकाळपासून बाईला माहीत होतं. मला माहीत नव्हतं आणि मी लोणचं मागत होते.

रीत आहे म्हणे. मरणाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून आधी जेवू घालतात, मग सांगतात. असेल रीत. दगड आहे ही बाई. तेव्हापासून लोणच्याच्या बरणीला मी हात लावलेला नाही. तिने विचारलेलंही नाही का ते.

मास्तरांना हे कळलं तर ते नाचतील.

१६ फेब्रुवारी

निबंध पाठवला. माझी शाळा, चाळीस मुली, एक नकाशा तोही फाटका. शेवटी — 'माझे पती भूगोल शिकवत. ऑक्टोबरमध्ये ते वारले.' संपलं.

मास्तरांनी वाचला आणि कपाळ धरलं. "सोनं उकिरड्यावर टाकलंत." मग लगेच, "उत्तर आलं तर पाकिटावरचं तिकीट माझं हं. पोस्टमन लोटूला मी सांगून ठेवलंय." बाजारात दिसतील त्या पाकिटांची तिकिटं मास्तरांनी अशीच जमवली. कधी मागून, कधी न मागता.

२ मार्च

काही नाही.

११ मार्च

रमेशला बोलावणं आलं. त्याच्या बापाने बुधवारा पेठेत पेढे वाटले. गरीब शेतकरी!

२९ मार्च

नणंद आशाबाई असीरगडहून आली होती. सासूबाईंना विचारलं तिने, वहिनी गेल्या तर तू माझ्याकडे राहशील का. सासूबाई म्हणाल्या, "तिचं तिले इचार." मी ओसरीतच होते. मला कोणी विचारलं नाही.

१६ एप्रिल

सकाळची शाळा. साडेअकराला घरी आले. सासूबाई दारात. केस ओले, तापीवरून अंघोळ करून आलेल्या. चेहरा तसाच, नेहमीचा.

"हातपाय धू," म्हणाल्या. "पहिले जेऊन घे."

ओट्याकडे मी पाहिलं. दगडाखाली पाकीट. कोपरा नाही.

बाबा! रावेरला बाबांना दम्याचा जोर आहे, हे माघातच कळवलं होतं त्यांनी. गेलेच नाही मी. इंग्रजी निबंध लिहीत बसले होते.

तरी आत गेले. हातपाय धुतले. पाटावर बसले. हे कसं झालं मला सांगता येणार नाही. त्यांनी सांगितलं आणि मी केलं.

ताटात वरण, भाकरी. लोणचं नव्हतं. बरणीकडे त्यांनी पाहिलंही नाही. घास तोंडात फिरायला लागला. त्या समोर बसल्या, वारा घालायला लागल्या. म्हणाल्या, "जेव. मंग जात नाही घास. मले माहीत हाये."

मी वर पाहिलं. पंखा एका लयीत हलत होता. चूल विझवलेली होती, वर पाणी टाकलेलं. त्यांचं स्वतःचं ताट कुठेच नव्हतं. आणि तेव्हा मला कळलं, की ऑक्टोबरमध्येही ते नव्हतं. मी जेवत होते एवढंच मी इतके दिवस धरून बसले. वाढणारीचा मुलगा गेला होता, आणि ती सकाळपासून उपाशी होती, आणि मी लोणचं मागितलं तेव्हा तिने ते आणून दिलं.

अख्खी भाकरी खाल्ली. त्या बघत होत्या म्हणून.

मग बाहेर जाऊन पाकीट उचललं. इंग्रजी टाइप. अमेरिकेचं. तिकिटाच्या जागी भोक — तिकिटासकट कोपरा कोणीतरी उडवलेला. कोणीतरी कशाला म्हणू!

"आत्याबाई, बाबा ठीक आहेत. हे कॉलेजचं आहे."

"तुझा बाप हाये?"

"आहेत."

"मंग कोपरा?"

"मास्तरांनी तिकीट काढलं."

त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि मोठ्याने रडायला लागल्या. ऑक्टोबरमध्ये मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. बाबांसाठी नाही रडल्या त्या. मी खांद्याला हात लावला तर हात झटकला नाही.

चूल पुन्हा पेटवली. भाकरी टाकली. त्यांना वाढलं.

पत्र संध्याकाळी वाचलं. निबंध फार त्रोटक, त्यावरून समितीला अर्जदाराची ओळख होत नाही. जे घर सोडून येणार त्याबद्दल आणखी एक पान लिहा. वीस मेच्या आत पोचलं पाहिजे, मग निर्णय.

१७ एप्रिल

मास्तरांकडे गेले. तिकीट अल्बममध्ये चिकटवून झालेलं. निळं आहे. "किती स्वच्छ निघालंय बघा," म्हणाले. मी काय झालं ते सांगितलं — कोपरा, सासूबाई, जेवण. शेवटी म्हटलं, बापाला मारलंत माझ्या. ऐकून डोळे चमकले.

"वा! हेच लिहा, कमलबाई. अंधश्रद्धा. अडाणी सासू. फाटलेला कोपरा बघून—"

"मास्तर," मी म्हटलं, "पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही."

"अहो, पण पुढच्या पत्राचं तिकीट?"

पुढच्या महिन्यापासून म्हटलं खरं. आजपासूनच बंद.

२२ एप्रिल

पान झालं. ऑक्टोबरचं जेवण लिहिलं, दुसरं काही नाही. ह्यांचं नाव तीन ठिकाणी आलं. रंग लावला नाही.

संध्याकाळी सासूबाईंना मराठीत सांगितलं, एकेक ओळ. न विचारता पाठवायचं नव्हतं. त्या गहू निवडत ऐकत होत्या. 'हात जरासुद्धा हलला नाही' इथे सूप थांबलं.

"लोणचं तू दोनदा मांगलं," म्हणाल्या. "दुसऱ्या बारीले माह्या हातून खाली सांडलं. पदरानं पुसलं म्या. तुले नाही दिसलं."

"लिहू?"

"खरं हाये ते. लिव्ह."

हात न हलल्याची ओळ खोडली, तिथे सांडलेलं लोणचं लिहिलं. पान पुन्हा उतरवलं.

२३ एप्रिल

पाकीट चिकटवून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "जा. डाक निघून जाईल."