डाव्या हातावरचं ओलं फडकं

उत्रोली, मंगळवार, संध्याकाळ

मेडिकल कॉलेज सोडून दहा दिवस झाले. आज वर्गातल्या मानसीचा फोन. देहदान केलेल्या एका आजोबांचा डावा हात चिरून शिकायला मला दिला होता, उजवा तिला. त्या डाव्या हाताशी वर्गातल्याच संत्यानं गंमत म्हणून शेकहँड केला, म्या त्याच्या कानाखाली वाजवली. सर म्हणाले माफी माग. म्या बॅग उचलली.

"तुझ्या वाट्याचा हात तसाच आहे," मानसी म्हणाली. "रोज ओलं फडकं मीच गुंडाळते. सुकला तर वाया जाईल."

"म्हणजे हातासाठी बोलावतेस?"

"मग काय तुझ्यासाठी, येड्या?"

लई राग आला. पण आजोबांनी हात शिकायला दिला, आणि माझ्या रागापायी तो फडक्यात पडलाय. संत्याला सॉरी म्हणताना जीव जाईल. म्हणीन. आईला सांगितलंय, सकाळी भाकरी जास्त बांध, मानसीला आवडते.