टाकीच्या झाकणातलं भोक

माय, तुझं पाणी ओढायचं इंजिन मी घरी आणलं. आसेगावच्या मामाच्या गोठ्यात पडलं होतं, वर कडब्याच्या पेंढ्या अन् आत मुंग्यांचं घर. मामा म्हणे, "घेऊन जा बापा, भंगारवाला दोनदा येऊन पाहून गेला." तू गेल्यावर त्यानंच ते नेलं होतं. काही वर्षं चालवलं, मंग त्याच्या शेतात विजेची लाइन आली अन् इंजिन कोपऱ्यात गेलं. तुले ठाऊक नसंल, मी आता कामरगावात जुन्या मशिनीच दुरुस्त करतो. फवारणीचे पंप, कोळपणीच्या मशिनी अन् गवत कापायच्या सुद्धा. तू म्हणशील, गवत कापाले मशीन कायले लागते, इळा काय मेला? पण आता शाळेच्या मैदानाले, बंगल्यापुढच्या हिरवळीले मशीनच लागते. मागच्या साली एका जुन्या बंगल्यातलं मशीन आणलं, माझ्या जन्माआधीचं, त्याचा पिस्टन जागीच धरून बसला होता. त्याले तेलात भिजवून भिजवून सोडवला अन् चालू केलं. मालकानं त्याच दिवशी त्याच्यापाशी बसून, लेकराले मांडीवर घेऊन फोटो काढला. अशी कामं मले आवडतात. जे मशीन लोक टाकून देतात त्याच्यातच मले जास्त जीव दिसते, हा माझा येडेपणा समज.

तुझं इंजिन मात्र फोटोसाठी नव्हतं. नाल्याकाठचा आपला मळा किती साल पडीत होता. औंदा सूनबाईनं तो कराले घेतला. मेथी, सांबार अशी पालेभाजी अन् वांगी, तुझ्यासारखंच. पण तिकडं लाइन येते ती अर्ध्या राती, अन् तशा येळी नाल्यावर तिनं काहून जावं? मोटर नाही तर पाणी नाही, पाणी नाही तर मळा नाही. माझा पोरगा सारखा म्हणे का पुण्याकडं कामाले जाऊ, दोघंही. गावातले निम्मे जोडपे जातातच. सून नुसती खाली मान घालून वाफे करत राह्यली. मले तिचा तो गुमसुमपणा सहन झाला नाही. म्हणलं, थांबा जराशे, माझ्या मायचं इंजिन पाहू द्या.

राकेल तर आता औषधालेही भेटत नाही, अन् तुझं इंजिन राकेलवालं. म्हणून त्याले पेट्रोलवर घेतलं. डोक्याखालचं जाड पॅकिंग काढून पातळ बसवलं, कार्बोरेटरचा जेट बदलला, चालू करण्यापुरत्या पेट्रोलची ती लहानशी टाकी काढून मोठ्याच टाकीत पेट्रोल केलं. त्या टाकीवरचा रंग खरडाले बसलो तं मले हसू आलं, अन् मंग हसूही येईना. लाल, त्याच्याखाली पिवळा, त्याच्याखाली निळा, पुन्हा लाल. आपल्या घरी बैल नव्हते. पोळ्याले गावचे बैल शिंगं रंगवून तोरणाखाली जायचे अन् तू शेजाऱ्याच्या डब्यातला उरलेला रंग मागून आणून इंजिन रंगवायची. त्याच्यापुढं पुरणाची पोळी ठेवायची, हळद-कुंकू लावायची. "आपल्यासाठी राबते ना ते, मंग तोच आपला बैल," असं म्हणायची. त्या दिवशी वांगे माना टाकत असले तरी इंजिन चालू करू देत नव्हती. लोक हसायचे, मलेही लाज वाटायची. मी खरडणं बंद केलं. रंग तसाच राहू दिला.

पहिल्याच दोरीत इंजिन बोललं. सून टाळ्या वाजवाले लागली, पोरगा बाहेर आला, अन् तेवढ्यात ते बसलं. पुन्हा दोरी मारली, पुन्हा चाललं, जरा वेळानं पुन्हा बसलं. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, कॉईल तपासली. दुसऱ्या दिवशी तेच. पोरगा पायरीवर बसून म्हणे, "बाबा, राहू द्या ना आता." मले असा राग आला का पाना फेकूनच मारणार होतो, इंजिनाले का पोराले हे सांगता येत नाही. शेवटी पेट्रोल संपलं का पाहू म्हणून टाकीचं झाकण फिरवलं, अन् सुस्स आवाज आला.

तो आवाज मी ओळखला. मी लहान, नाल्याच्या काठी चिखलात पाय घालून बसलो आहे. इंजिन आपोआप थांबते. तू खोरं टाकतेस, झाकण फिरवतेस, सुस्स होते अन् तू म्हणतेस, "थकलं बिचारं. घेऊ दे श्वास." मंग तू अन् तुझ्यासंगं पाणी वळणारी शेजारच्या मळ्यातली काकू बाभळीखाली बसता. ठेचा-भाकर सोडता, पाणी पिता, कशावरून तरी पदर तोंडात कोंबून हसता. जराशानं झाकण लावून तू दोरी मारतेस. रोज असंच. मले खरंच वाटे का इंजिनाले श्वास लागते.

झाकण उजेडात धरलं. टाकीत हवा जावी म्हणून त्याच्या मधोमध बारीक भोक असते. ते पोळ्याच्या रंगानं गच्च भरलं होतं. हवा जाईना म्हणून पेट्रोल उतरेना, एवढीच गोम. मामा झाकण ढिलं ठेवूनच चालवत असंल. इतकी वर्षं मशिनी खोलणारा मी दोन दिवस कॉईल शोधत बसलो, म्हणजे पहा. अन् मले वाटलं, बिचारी माय, इंजिनाले सजवायच्या नादात तिनं स्वतःच त्याचा गळा दाबला अन् तिले जन्मभर समजलं नाही.

काकू अजून आहे बरं. कंबरेतून वाकली, पण जीभ तशीच आहे. हौसेनं तिले झाकण दाखवाले गेलो, म्हणलं, पहा काकू, हे असं होतं, मायले मालूमच नव्हतं. काकूनं झाकण हातात घेतलं, बोटानं चाचपलं अन् माझ्याकडं अशी पाह्यली का मी अजूनही चिखलात बसलेला पोट्टा आहो.

"बह्याडा," ती म्हणे, "तिले मालूम नव्हतं? मिस्त्री आला होता एकदा. सुईनं भोक मोकळं करून गेला. मंग ते इंजिन थांबेच ना. तुही आजी घरी खाटेवर कान देऊन बसे, आवाज चालू तं सून कामावर. चार दिवस आमची कंबर टेकली नाही. पाचव्या दिवशी तुह्या मायनं रंगाचा डबा आनला. मी म्हनलं, पोळा तं दूर आहे वं. तं हसली अन् म्हने, बैल थकला तं सासू त्याले बोलत नाही."

मी तिथंच बसलो, माय. हसू आलं अन् रडूही आलं, अन् काकूनं दोन्हीकडं लक्ष दिलं नाही, चहा टाकाले उठली. तू किती हुशार होती अन् किती थकली होती, हे मले त्या दिवशी एकदमच समजलं.

जुन्या झाकणाचं भोक मी मोकळं केलं नाही. त्याच्यातला रंग तसाच आहे. इंजिनाले नवं झाकण बसवलं, अन् प्लगच्या वायरवर एक लाल बटन लावलं, दाबलं का इंजिन बंद. सूनबाईले दाखवलं. आठ दिवसांपासून नाल्यावर पाणी चालू आहे. मेथी उगवून आली, अन् पोरगा काल खोरं घेऊन तिच्यासंगं गेला. पुण्याचा विषय तूर्त कोणी काढत नाही. टिकंल का नाही ते पाहू, पण मले वाटते टिकंल.

पत्र टाकाले तुझा पत्ता नाही, म्हणून हे त्या जुन्या झाकणासंगं पान्याच्या डब्यात ठेवतो. एवढं एक सांगून टाकतो. आज सकाळी मी घरी चहा पीत होतो अन् नाल्याकडून इंजिनाचा आवाज बंद झाला. मी कप ठेवून उठलो, कुंपणापाशी गेलो अन् ओरडलो, "काहून वं, बंद काहून झालं?"

तिकडून सून म्हणाली, "झालं नाही मामाजी, मीनं केलं. बसली जराशी."

मी बरं म्हणलं अन् परत आलो. चहा थंड झाला होता. माय, माझा आवाज आजीसारखा निघाला होता.