वाटेतला माल

३ फेब्रुवारी
वहिनी आली! म्हणजे तिच्या कारखान्यात पुन्हा काम थांबलं. तिथे आमच्याच कंपनीच्या वॉशिंग मशीनच्या मोटरी बनतात. गेल्या महिन्यात रविवारीही बोलावत होते, आता म्हणे घरी बसा. पगारही बसला.
ती आली की या एकटीच्या खोलीला घरपण येतं. आल्या आल्या पडदे धुवायला काढले! आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं, शिकवलं. तिच्यासाठी काहीतरी करायलाच हवं.

७ फेब्रुवारी
दुकानांतली आमच्या मशीनची विक्री काढून बघितली – जवळजवळ सपाट रेष. मग मोटरींची आमची मागणी अशा उड्या का मारते? गणित मांडलं, पण त्यात चढउतार काही येईना.

८ फेब्रुवारी
सापडलं! काल सकाळी दूध संपलं होतं. संध्याकाळी मी दोन पिशव्या घेऊन आले, तर वहिनीनेही दोन आणलेल्या. "मी आणायला गेलेय हे तुमच्या हिशेबातच नाही, वन्सं." आता दोन दिवस दुधाकडे बघायला नको.
हेच तर! मोटरी यायला सहा आठवडे लागतात. वाटेत असलेला माल आम्ही धरतच नाही. साठा कमी दिसला की पुन्हा मागवतो, मग सगळं एकदम येऊन पडतं, की मागणी बंद. तेवढं समीकरणात घातलं आणि पडद्यावर हुबेहूब आमचाच आलेख उमटला. खाली गेलेली प्रत्येक रेष म्हणजे वहिनी घरी.

२० फेब्रुवारी
खरेदीसाहेबांना दाखवलं. गणितावर कारखाने चालत असते तर मास्तर लोक उद्योगपती झाले असते, म्हणाले. पण जाताना थांबले – फक्त मोटरींवर करून बघ, वरची बोलणी मी खातो. देव त्यांचं भलं करो.

६ मे
साठा खूपच खाली गेला. साहेबांचा हात दोनदा फोनकडे गेला आणि मागे आला. दुपारी वाटेतला माल पोचला!

१५ जून
मागणी सरळ रेषेत. वहिनीला कायम केलं! फोनवर दादाच जास्त बोलत होता. साहेबांना मी चहा पाजला. त्यांनी दोन कप घेतले, आभार मानू दिले नाहीत.

२ ऑगस्ट
पडदे मळलेत. वहिनी फेब्रुवारीनंतर आलेलीच नाही.
येणार कशी? काम थांबलं की यायची. आता ते थांबत नाही, आणि ही करामत माझीच! तिचं भलं झालं, याहून काय हवं मला? तरी जेवताना रडू आलं.

११ ऑगस्ट
संध्याकाळी दार उघडलं तर वहिनी. काम गेलं का, विचारलं.
"भरपगारी रजा टाकलीय," म्हणाली. "इतकी वर्षं काम नसायचं म्हणून यायचे, वन्सं. आज तुमच्यासाठी आले."
पडदे भिजत घातलेत.