वन्सं नावाचं वादळ

आई, आज तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. वादळांना नावं देतात, अगदी पाळीपाळीने! आपल्याकडच्या समुद्रांसाठी तेरा देशांनी नावं सुचवून ठेवली आहेत. वादळ उठलं की यादीतलं पुढचं नाव त्याला मिळतं आणि एकदा वापरलं की संपलं, ते पुन्हा कुणाला नाही. अटलांटिक महासागरात मात्र एक बाईचं, एक पुरुषाचं असं चालतं आणि तीच नावं सहा वर्षांनी परत येतात. फार नासधूस केलेल्या वादळाचं तेवढं काढून टाकतात. माझी शाळा अर्धवट सुटलेली, म्हणून मोबाईलवर सगळं पुन्हा पुन्हा वाचून खात्री केली. वाचताना हसू येत होतं. हे काम आपल्या घरात तू कधीपासून करत होतीस.

हमरापूरच्या कारखान्यात तू पाटावर बसून गणपतीचे डोळे आखत असायचीस. वारा सुटून छपराचा पत्रा वाजला की मी तुझ्या पदराआड लपायचो. तू कुंचला खाली ठेवायचीस, कारण पत्र्याच्या आवाजाने हात दचकतो, वाऱ्यात डोळा आखायचा नाही. मग म्हणायचीस, "घाबरतोस काय? रोह्याच्या वन्सं आल्यात. आदळआपट करतील, सगळ्यांना कामाला लावतील नि चहा पिऊन जातील." मला दारातूनच ओरडत येणारी आत्या दिसायची आणि भीती पळायची.

काल 'बिपरजॉय'चा वारा सुटला. नाव बांगलादेशाने दिलेलं, अर्थ संकट. तीन वर्षांपूर्वीच्या वादळाचं 'निसर्ग' हे नावही त्यांनीच सुचवलेलं. त्यात आपले पत्रे उडाले आणि शाडूच्या कच्च्या मूर्तींचा चिखल झाला, म्हणून काल मी नुसता पत्र्यांकडे बघत उभा राहिलो. पडवीभर मूर्ती, आणि आत न्यायला मी एकटा. तेवढ्यात दारात खरीखुरी आत्या!

"बघत काय राह्यलास? धर तिकडून! संकट नाव ठेवल्यावर ते काय हसत येनार हाय?"

आम्ही सगळ्या मूर्ती आतल्या खोलीत नेल्या. एकीचाही कान दुखावला नाही! वादळ लांबून गेलं, पत्रेही राहिले. चहा पिताना मी धीर करून म्हटलं, "आत्या, आई वादळाला तुझं नाव द्यायची."

"ठाव हाय मला. मी काय बहिरी होते? आन् मी तिला झुळूक म्हनायची. घरात आलेली कळायची नाय, पन सगळं घर तिच्याच बाजूला झुकायचं." एवढं बोलून तिने कप माझ्या हातात दिला. "धू जा."

हे पत्र टाकणार कुठे? तुझ्या रिकाम्या पाटाखाली ठेवतो. एक मात्र सांगतो. त्या यादीसाठी साध्या माणसालाही नाव सुचवता येतं. छोटं हवं, उच्चारायला सोपं, कुणाला न दुखावणारं. झुळूक सगळ्या नियमांत बसत होतं. सकाळी लिहून तयारही केलं होतं, पण पाठवलं नाही. एकदा दिलेलं नाव तिथे परत येत नाही ना.